सुईत दोरा ओवण्याइतकं ऊन

५ मार्च, बुधवार

वही दवाखान्याची आहे. पुढची पानं उन्हाच्या नोंदीसाठी, मागची कोरी. कोरं पान तसंच ठेवायचं म्हणजे उरलेलं चांगलं कापड केरात टाकण्यासारखं. म्हणून मागच्या बाजूनं माझं मी लिहायला घेतो आहे. लिहायला मी आपला आपणच शिकलो, गिऱ्हाइकांची मापं टिपायला. त्यामुळे छाती, कंबर, बाही हे शब्द मला झोपेतही लिहिता येतात. बाकीच्या शब्दांनी जरा सांभाळून घ्यावं.

झालं असं. आमच्या दवाखान्यात फ्रिज नाही, म्हणून लस टिकत नाही, आणि सापावरचं औषधही टिकत नाही. पोराला लस टोचायची तर नावेत बसून सहा तास खाली, मोठ्या गावाला. आता तिथल्या आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं आहे. उन्हावर चालणारा फ्रिज देऊ म्हणतात, पण आधी महिनाभर रोज लिहून ठेवा, दवाखान्याच्या छपरावर किती वेळ ऊन पडतं. दिवसाला सरासरी चार तास भरले तर फ्रिज तुमचा, नाहीतर दुसऱ्या गावाला.

पत्र वाचून झाल्यावर सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमचा ओटा दवाखान्यासमोरच. दिवसभर मशीनवर बसलेले असताच."

आमची ही मागून म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. आमचा शिंपी आता छपराला माप लावणार."

सगळे हसले. सूनबाई तेवढी हसली नाही. तिला सहावा सरतोय. घरी आल्यावर मला म्हणाली, "बाबा, खरं सांगते, रागावू नका. फ्रिज आला तर बाळंतपण इथंच. नाही आला तर मी माहेरी जाईन, आणि सगळ्या लशी होईपर्यंत तिथंच राहीन. दोन वर्षं तरी. तान्ह्या बाळाला घेऊन सहा-सहा तास नावेत नाही बसायचं मला."

तिचं चुकतं कुठे? पण दोन वर्षांत मूल चालायला लागतं, बोलायला लागतं, आणि आजोबा कोण हे विसरायला लागतं.

६ मार्च, गुरुवार

पहिल्याच दिवशी पेच. ऊन म्हणजे किती, हे पत्रात लिहिलेलंच नाही.

आमचं गाव झाडांच्या पोटात आहे. वर एकावर एक तीन मजले पानं. पाऊस थांबला तरी पानांचा पाऊस तासभर चालू राहतो. मीठ ठेवलं की त्याचं पाणी होतं, चपला दोन दिवस कोपऱ्यात राहिल्या की त्यांना हिरवी दाढी येते. माझ्या सुया मी तेलाच्या डबीत बुडवून ठेवतो, नाहीतर आठवड्यात गंजतात. अशा ठिकाणी ऊन येतं ते गाळून, चाळून, तुकड्या-तुकड्यांनी. छपराच्या या कोपऱ्यावर बशीएवढं, त्या कोपऱ्यावर बटणाएवढं. ते मोजायचं कसं?

दुपारी युक्ती सुचली. दवाखान्याचं छप्पर खुजं आहे. शिडीच्या दोन पायऱ्या चढलं की खांद्याला लागतं. तिथं उभं राहायचं, सुई धरायची. चष्मा न लावता दोरा ओवता आला तर ऊन. नाही आला तर सावली. माझ्या धंद्यात याच्याहून पक्कं माप नाही.

आज भरले चार तास दहा मिनिटं. सूनबाईला सांगितलं तर तिनं मला जेवताना मासा जास्त वाढला.

९ मार्च, रविवार

दर अर्ध्या तासाला शिडी. गुडघे कुरकुरतात. ही म्हणते, "पडलात तर फ्रिज यायच्या आधी तुम्हालाच बर्फात ठेवावं लागेल."

समोर बसल्यामुळे दवाखान्यात कोण येतं-जातं तेही दिसतं. आज नावाडी आला होता. त्याला सगळं गाव भाजका म्हणतं, कारण गावात आम्ही सगळे मुळ्यासारखे फिकट आणि तो एकटाच रापलेला. तिशी ओलांडली, आगापिछा नाही, पण स्वभावानं लाख माणूस. त्याच्या बोटात काटा गेला होता. अर्धा तास लागला काढायला. खोल गेला असणार.

१४ मार्च, शुक्रवार

तीन तास पन्नास मिनिटं. माकडांनी वरून फळं फेकली, एक माझ्या टकलावर. माकडं मोजायची असती तर महिनाभराचं काम एका दिवसात झालं असतं.

भाजका आज परत दवाखान्यात. या आठवड्यात तिसऱ्यांदा. काल त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती, आज डाव्या. हे दुखणं फिरतं दिसतंय. मी काळजीनं विचारलं, "काय रे, झालंय तरी काय?" तर म्हणाला, "काही कळत नाही काका. छातीत धडधडतं."

"कधी?"

"दवाखान्याजवळ आलं की."

म्हटलं, दवाखाना चढावर आहे, असं होतं, दमानं येत जा.

सिस्टर बिचाऱ्या फार मनापासून बघतात त्याला. एवढा वेळ त्या कुणाच्याच नाडीला लावत नाहीत. माझी तर उभ्या-उभ्या बघतात.

२१ मार्च, शुक्रवार

मनातली गोष्ट आहे, मागच्या पानावरच राहू दे.

चार दिवस ढग. भर दुपारी दिवे लावून शिवलं. परवा एक तास, काल चाळीस मिनिटं, आज एक तास. सूनबाई रोज संध्याकाळी ओट्याच्या खांबाला टेकून विचारते, "बाबा, आज किती?" आणि मी सांगितलं की "असू दे, उद्या येईल" म्हणते. पण काल तिनं पलंगाखालची पेटी ओढून तिला आलेली बुरशी पुसून ठेवली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आज नोंद लिहिताना पेन आकड्यावर थांबलं. एकाचे चार करायला कितीसा वेळ लागतो? कोण बघतंय? सुई माझी, दोरा माझा, डोळे माझे.

ही चहा घेऊन मागं उभी होती, मला कळलंच नाही. म्हणाली, "कुणाचं पोट सुटलं म्हणून कंबर कमी लिहिलीत कधी?"

"नाही."

"का?"

"सदरा बसणार नाही ना."

तिनं कप माझ्या पुढ्यात ठेवला. मी एक तास लिहिला. सही केली. चहा गार झाला होता, तरी गोड लागला.

४ एप्रिल, शुक्रवार

झाले तीस दिवस! शेवटचे दहा दिवस आकाशानं हात दिला. पाच-पाच तास. बेरीज केली, मग हिनं केली, मग मुलानं केली, मग तिघांची वेगवेगळी आली म्हणून सिस्टरांनी केली. सरासरी चार तास सहा मिनिटं. सहा मिनिटांनी का होईना, भरली!

सूनबाईनं पेटी परत पलंगाखाली सरकवली. मी पाहिलं आणि या वेळी पाहिलं असं दाखवलंही.

भाजका निरोप घेऊन उद्या पहाटे खाली जाईल. जाताना तो सिस्टरांना सांगायला आला, मग काय सांगायचं राहिलं म्हणून परत आला, मग छत्री विसरली म्हणून परत आला. छत्री त्यानं आणलीच नव्हती. ऊन फार लागलं की विसरभोळेपणा येतो म्हणतात.

१७ एप्रिल, गुरुवार

आज लिहायचं मन नाही, पण लिहितो.

काल सांजावताना इंजिनिअर बाई आल्या. अगदी पोरसवदा. मोठी टोपी, पाठीवर पिशवी, पायाला चार जळवा. आल्या आल्या जळवा स्वतःच उपटून काढल्या, तेव्हाच मला आवडल्या. आमच्याकडेच उतरल्या.

आज सकाळी दहाला शिडी चढून छपरावर बसल्या. हातात मीटर. अर्धा तास झाला तरी नुसत्या बसून. मग वरून म्हणाल्या, "आजोबा, ऊन कधी येणार?"

"आलंय की."

"कुठे?"

"हे काय, तुमच्या मांडीवर."

त्यांनी मांडीवरचा तो बशीएवढा उजेड पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, लहान पोराकडे बघावं तसं. मी शिडीवर चढलो आणि त्यांच्यासमोर चष्मा काढून सुईत दोरा ओवून दाखवला. एका झटक्यात गेला. त्यांनी टाळी वाजवली आणि मग मीटर त्या उजेडात धरला. काटा जागचा हलला नाही.

"आजोबा, नजर तुमची कमाल आहे. पण यावर फ्रिज चालायचं सोडा, फ्रिजमधला दिवासुद्धा लागणार नाही. उघडं, सरळ, डोक्यावरचं ऊन लागतं. तुम्ही तसं कधी पाहिलंय का?"

"पाहिलंय. भाचीच्या लग्नाला मोठ्या गावी गेलो होतो तेव्हा. दिवसभर डोकं दुखलं."

खाली माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, वरचं मोठं झाड तोडू. बाई म्हणाल्या, एकानं भागणार नाही, दहा-बारा तोडावी लागतील, आणि ती पडतील ती दवाखान्यावरच. नंतर एकजण हसला, "आपल्या गावाला ऊन म्हणजे काय तेच माहीत नाही रे!" त्यावर सगळे हसले. मीही हसलो, आणि सुई तेलाच्या डबीत टाकून झाकण लावलं.

महिनाभर एक मिनिट खोटं लिहिलं नाही, आणि सगळी वही खोटी निघाली.

घरी आलो तर पेटी पलंगावर होती, झाकण उघडं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचा काही दोष नाही." ते ऐकणं फार जड गेलं. ओरडली असती तर बरं होतं.

बाई उद्या परत जाणार. नियम म्हणून वही सोबत न्यायची म्हणाल्या. आत्ता त्या न्हायला गेल्यात तेवढ्यात हे लिहून घेतलं. वही आता त्यांच्या सामानावर ठेवतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

वही परत माझ्याकडे! बाईंनी पुढची पानं उतरवून घेतली आणि वही मला देऊन टाकली. आणि काय दिवस गेला! क्रमानं लिहितो.

सकाळी उठून बघतो तर बाई ओट्यावर बसून वही वाचतायत आणि एकट्याच हसतायत. वही उलटी धरलेली. म्हणजे मागची बाजू! माझ्या पायाखालची जमीन सरकली. ही म्हणाली, "लिहा अजून खासगी."

मी म्हटलं, "बाई, ते उन्हाचं नाही, ते माझं आहे."

"माफ करा आजोबा, पण दोन पानं वाचली आणि थांबवेना. एक विचारू? हा भाजका कोण?"

"आमचा नावाडी. तुम्हाला घेऊन आला तोच. आजारी असतो बिचारा."

"ते वाचलं," त्या म्हणाल्या आणि हिच्याकडे बघून दोघी हसल्या. काय हसण्यासारखं होतं देव जाणे. "पण त्याला भाजका का म्हणता?"

"उन्हानं भाजलाय म्हणून."

"कुठल्या उन्हानं?"

सूनबाई हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली.

"तो राहतो कुठे?"

धक्क्यावर! नदीच्या वळणावर, खांबांवर घर, वर एक पान नाही! आम्ही तिथं जातो ते पहाटे नाव धरायला, नाहीतर दिवस कलल्यावर कुणाला उतरवून घ्यायला. भर दुपारी तिथं फक्त तो असतो. आणि माझ्या डोक्यात का आलं नाही? कारण शिंपी ज्याचं माप मागतात त्याचंच घेतो. दवाखान्याच्या छपराचं मागितलं, दवाखान्याच्या छपराचं दिलं.

सगळी वरात धक्क्याकडे. मी गुडघे विसरून चाललो. अकरा वाजता त्या घराच्या छपरावर बाईंनी मीटर ठेवला आणि काटा असा उडाला की त्यांनीच "अगंबाई!" म्हटलं. आम्ही सगळे कपाळावर हात धरून उभे, डोळ्यांतून पाणी. ऊन ते हे! पत्रा तव्यासारखा तापलेला. सूनबाईला घराखालच्या सावलीत बसवलं, तर ती खालून ओरडून विचारत होती, "किती, किती?" बाई म्हणाल्या, पावसाळा धरूनही सहा तास सहज.

मी विचारलं, "आणि पूर?"

भाजका म्हणाला, "खांब बघा काका. आजवर पाणी खालूनच गेलंय."

"पण हे तुझं घर. इथं फ्रिज ठेवायचा म्हणजे दवाखानाच इथं आणावा लागेल."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "आणा."

"विचार तर कर जरा!"

"केलाय."

"कधी?"

तो लाल झाला. म्हणजे होता त्याहून लाल. म्हणाला, "पुढच्या दोन खोल्या दवाखान्याला. मी मागच्या खोलीत राहीन."

आणि सिस्टर, ज्या एरवी जखम उघडताना डोळ्याचं पातं लवू देत नाहीत, त्या नदीकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टरला दवाखान्याजवळच राहावं लागतं. नियम आहे." त्यावर सगळ्या बायका इतक्या हसल्या की नावा हलायला लागल्या. मला वाटतं उन्हानं सगळ्यांचीच डोकी फिरली होती.

घर देऊन टाकलं माणसानं! एका शब्दात! असं मन कुणाचं असतं? येताना मी हिला तेच म्हणालो. ही म्हणाली, "तुम्हाला सुईचं भोक दिसतं, पण समोर हत्ती उभा असला तर त्याला विचाराल, बाजूला हो, उजेड अडतोय."

"कुठला हत्ती?"

"काही नाही. चला, जेवायचं आहे."

२७ एप्रिल, रविवार

मंजुरी आली. सगळं गाव दवाखाना उचलून धक्क्यावर नेण्यात गुंतलंय. कपाट, खाट, वजनकाटा, बाटल्या. वजनकाटा नेताना जो तो त्यावर उभा राहून पाहत होता, म्हणून दहा मिनिटांच्या वाटेला दोन तास लागले.

एक गोष्ट आवर्जून टिपून ठेवतो. घर दवाखान्याला दिल्यापासून भाजक्याचं एकही दुखणं उरलेलं नाही. बोट नाही, धडधड नाही, काही नाही. दिवसभर शीळ घालत असतो. याला म्हणतात दानाचा गुण.

तो आज सदरा शिवायला टाकून गेला, चांगला, कॉलरचा. संध्याकाळी सिस्टरांनीही कापड आणलं, त्याच ताग्यातलं. म्हटलं, ताग्यात उरलं असेल, स्वस्तात पडलं असेल. हिला सांगितलं तर ती इतकी हसली की उचकी लागली. मग ती पाणी प्यायली आणि तिनं सांगितलं.

मी दहा मिनिटं मशीनवर नुसता बसून राहिलो. महिनाभर! माझ्या नाकासमोर! आणि सगळं मीच लिहून ठेवलंय, तारीखवार!

दोन्ही कापडांची शिलाई घेणार नाही.

२१ मे, बुधवार

फ्रिज आला. तीन नावा एकमेकींना बांधून आणला. एवढंसं खोकं, पण सहा माणसं धापा टाकत होती. बाईंनी छपरावर काळ्या पाट्या बसवल्या, तारा जोडल्या, आणि मग आम्ही सगळे त्या खोक्यासमोर श्वास धरून बसलो. बराच वेळ काही नाही. मग ते मांजरासारखं गुरगुरायला लागलं. सूनबाईनं दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "गार!" तिचा नववा लागलाय, बसताना-उठताना हात द्यावा लागतो, तरी तिथून हलायला तयार नव्हती.

घरी आल्यावर तिनं पेटी रिकामी केली. आता तिच्यात मी शिवलेली बाळाची झबली आहेत. सतरा झाली. ही म्हणते, एका बाळाला की शाळेला?

३ जून, मंगळवार

काल पहाटे मुलगी झाली. सूनबाई बरी आहे. बाळंतपण सिस्टरांनीच केलं, म्हणजे आता नावाडीणबाईंनी म्हणायला हवं, पण तोंडात सिस्टरच बसलंय.

आज पहिली लस. मला वाटलं होतं मी दाराबाहेरच थांबेन, सुया मी आयुष्यभर हाताळल्या पण या सुईची गोष्ट वेगळी. पण सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीच धरा तिला." म्हणून धरली. दोन किलो नऊशे. कापडाच्या घडीपेक्षा हलकी आणि तिच्यापेक्षा गरम.

सिस्टरांनी फ्रिजमधून बाटली काढली. सुई टोचली तेव्हा बाळ रडलं, आणि माझ्यापेक्षा कमीच रडलं. मग त्या म्हणाल्या, झालं, घरी न्या. मी बाहेर आलो. दारातच भर दुपारचं ऊन, सगळं, उघडं, पाण्यावरून उलटून येणारं. बाळानं चेहरा असा आक्रसला की नाकच दिसेना, आणि एक शिंक दिली.

ज्या उन्हासाठी महिनाभर शिडीवर उभा होतो, तेच तिच्या डोळ्यांत जात होतं. मी हात वर केला आणि तिच्या तोंडावर सावली धरली. तळहाताएवढीच लागली. तिनं एक डोळा उघडून पाहिलं, हे कोण म्हणून.

घरापर्यंत हात तसाच धरून आलो. झाडांत शिरल्यावर गरज नव्हती, पण काढला नाही.